सनद आणि मत

इ. स. १८५८ च्या मार्च महिन्यात, लखनौवरचा दारूगोळ्याचा धूर अजून पुरता विरला नव्हता तोच, गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांच्या नावाने एक जाहीरनामा त्या शहरात प्रसिद्ध झाला, आणि राजनिष्ठ ठरलेल्या मोजक्या जमीनदारांचा अपवाद सोडला तर साऱ्या अवध प्रांतातील जमिनीची मालकी त्या एका कागदाने सरकारजमा झाली. त्याच वर्षी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, अमेरिकेतील इलिनॉय नावाच्या राज्यात, अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस हे दोन उमेदवार एकामागून एक अशा सात गावी समोरासमोर उभे राहिले. पहिल्याने एक तास बोलावे, दुसऱ्याने दीड तास उत्तर द्यावे आणि पुन्हा पहिल्याने अर्धा तास प्रत्युत्तर करावे असा त्यांचा करार होता, आणि घोडागाड्या जुंपून दूरदूरच्या वस्त्यांवरून आलेले शेतकरी ते तीन तास भर मैदानात उभे राहून ऐकत असत. या दोन घटनांचा परस्परांशी सुतराम संबंध नाही. तथापि निवडणूक, उमेदवार आणि जाहीर वादविवाद यांविषयी परंपरानिष्ठ माणसाला काय वाटत आले, आणि ते वाटणे काळाच्या ओघात कसे पालटत गेले, याचा विचार करू लागलो की ही दोन चित्रे माझ्या मनात शेजारी शेजारी येऊन उभी राहतात.

कारण दोन्ही ठिकाणी प्रश्न जुने राखण्याचाच होता. गुलामगिरीचा नव्या मुलखात फैलाव होऊ देऊ नये असे म्हणणाऱ्या लिंकनने पुढे १८६० च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क येथे केलेल्या भाषणात, खरे परंपरानिष्ठ आम्हीच, राज्यघटना घडविणाऱ्या पूर्वजांच्या धोरणाला आम्हीच धरून आहोत, असा युक्तिवाद केला. आणि तो करताना त्याने पूर्वजांपैकी कोणी कोणत्या ठरावावर काय मत दिले याचा दफ्तरातून शोधून काढलेला तपशील श्रोत्यांपुढे ठेवला. जुने राखायचे तर ते का राखायचे हे चारचौघांत उभे राहून सांगावे लागते, हे तेथे गृहीतच होते. लखनौत मात्र जुने राखण्याचा मार्ग निराळा ठरला. तेथे तो सनदेतून गेला.

सन १८५६ च्या फेब्रुवारीत डलहौसीने अवधचे राज्य खालसा केले, वाजिद अली शाहाची रवानगी कलकत्त्यास झाली, आणि पाठोपाठ जी पहिली जमाबंदी झाली तिच्यात गावोगावच्या तालुकदारांना, म्हणजे बड्या जमीनदारांना, बाजूस सारून महसुलाचा करार सरकारने थेट गावकऱ्यांशी केला. पुढच्याच वर्षी उठाव पेटला तेव्हा बहुतेक तालुकदार बंडात सामील झाले, आणि सरकारच्या ध्यानात आले की ज्या रयतेच्या हितासाठी ती जमाबंदी केली असे आपण समजत होतो, ती रयतही आपापल्या तालुकदारामागेच गेली आहे. जप्तीच्या जाहीरनाम्यावरून विलायतेत मंत्रिमंडळ हादरले, त्यातील मंत्री लॉर्ड एलेनबरो यांना राजीनामा द्यावा लागला. आणि अखेर १८५९ च्या ऑक्टोबरात कॅनिंग यांनी लखनौत दरबार भरवून शरण आलेल्या तालुकदारांना त्यांच्या जमिनी सनदांसह परत केल्या. १८६९ च्या कायद्याने या तालुकदारांच्या याद्याच कायम करून टाकल्या. कोणते घराणे कोणत्या यादीत, कोणाच्या घरी थोरल्या मुलाकडेच वारसा जायचा, हे सारे ठरले, आणि अवधच्या खेड्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश खेडी तीनशेहून कमी घराण्यांच्या ताब्यात राहिली.

या इतिहासातून त्या वर्गाने एकच धडा घेतला, आणि तो मानवी स्वभावाला धरूनच होता. जमीन एका कागदाने गेली आणि दुसऱ्या कागदाने परत आली. तेव्हा तो कागद लिहिणारा हात प्रसन्न राखणे हेच राजकारण, असे त्यांनी मानले. १८६१ साली तालुकदारांची जी संस्था लखनौत स्थापन झाली, जिला ब्रिटिश इंडियन असोसिएशन किंवा अंजुमन-इ-हिंद म्हणत, तिचे चिटणीस दक्षिणारंजन मुखर्जी हे बंगालमधून आलेले, सुधारणावादी वर्तुळात वाढलेले गृहस्थ होते, आणि १८६४ साली सुरू झालेल्या कॅनिंग कॉलेजासाठी या संस्थेने आपला पैसा ओतला, ज्यातून पुढे लखनौ विद्यापीठ उभे राहिले. तेव्हा या मंडळींना केवळ विलासी म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांची उणीव वेगळी होती. अर्ज कसा लिहावा, नजराणा केव्हा पाठवावा, लाटसाहेबाच्या स्वागतात मानपत्राची भाषा कोणती असावी, हे त्यांना उत्तम ठाऊक होते. पण आपल्याच कुळापुढे उभे राहून आपली बाजू मांडायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

कैसरबागेतील पांढऱ्या बारादरीत हा सारा इतिहास आजही उभा आहे. वाजिद अली शाहाने ती इमामांच्या शोकविधीसाठी बांधविली. उठावानंतर पदच्युत राजघराण्याच्या माणसांचे दावे ऐकण्यासाठी तेथे कचेरी भरली. आणि मग ती तालुकदारांच्या अंजुमनकडे आली. आत शिरले की कमानीमागे कमान, छताजवळचे बारीक गचकाम, आणि त्या साऱ्या शुभ्रतेत बलरामपूरचे महाराजा दिग्विजयसिंह आणि अयोध्येचे महाराजा मानसिंह या अंजुमनच्या दोघा आधारस्तंभांचे संगमरवरी पुतळे दिसतात. एका दुपारी मी तेथे गेलो होतो तेव्हा कुठल्याशा समारंभाची तयारी चालू होती, मजूर खुर्च्यांच्या चळती ओढीत होते, आणि त्या ओढण्याचा आवाज कमानींतून असा घुमत होता की पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या मुकादमाचे साधे बोलणेही मला स्पष्ट ऐकू येत होते. बोलण्यासाठीच जणू बांधलेली ही वास्तू! आणि ज्यांच्या ती ताब्यात आली त्यांनी तिच्यात मानपत्रे वाचली.

हे विशेषच म्हटले पाहिजे, कारण ऐकण्याची जी तालीम लखनौच्या माणसाला मिळालेली होती ती हिंदुस्थानात फार थोड्या शहरांना मिळाली असेल. मीर अनीस आणि मिर्झा दबीर हे मर्सियाचे, म्हणजे इमामांवरील शोककाव्याचे, दोन महाकवी एकाच काळी त्या शहरात होते. अनीस १८७४ साली आणि दबीर त्याच्या पुढच्या वर्षी वारले. आणि त्यांच्या हयातीत सारे शहर अनीसिये आणि दबीरिये अशा दोन पक्षांत विभागलेले होते. कोणाची उपमा अधिक समर्पक, कोणाचा शब्द अधिक निर्मळ, कोणाच्या वाचनात आवाजाचा चढउतार अधिक अर्थवाही, यावर चौकातल्या दुकानापासून नबाबाच्या दिवाणखान्यापर्यंत वाद चालत, आणि शिबली नोमानींसारख्या पंडिताला विसाव्या शतकाच्या आरंभी या दोघांच्या तुलनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहावासा वाटला. दोन वक्ते, एक विषय, आणि दाद देणारा किंवा न देणारा जाणता समाज, ही सामग्री लखनौत सिद्ध होती. राजकारणाने मात्र तिला फार उशिरा हात घातला.

तो हात घालणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. १९१६ च्या डिसेंबरात अंबिकाचरण मुजुमदारांच्या अध्यक्षतेखाली लखनौत काँग्रेस भरली, आणि सुरतेच्या फुटीनंतर प्रथमच लोकमान्य टिळक तिच्या व्यासपीठावर आले. स्वागतसमितीतील सावध मंडळींना त्यांना मोटारीत बसवून गाजावाजा न करता मुक्कामी पोहोचवावयाचे होते. पण विद्यार्थ्यांनी ती मोटार अडविली, एक घोडागाडी आणली, तिचे घोडे सोडले आणि ती स्वतः ओढीत लोकमान्यांना शहरातून नेले. त्या तरुणांत रामप्रसाद बिस्मिल होते आणि हा प्रसंग त्यांनीच लिहून ठेवला आहे. सामाजिक बाबतीत परंपरेचा पक्ष घेणारे म्हणून टिळकांची ख्याती. आणि त्याच टिळकांनी त्या अधिवेशनात मुस्लिम लीगबरोबरच्या कराराला आपल्या वजनाचा आधार दिला. कोणत्या प्रांताच्या कायदेमंडळात मुसलमानांना किती जागा असाव्यात, बंगालमध्ये शेकडा चाळीस, पंजाबात पन्नास, संयुक्त प्रांतात तीस, मुंबई इलाख्यात एक तृतीयांश, असा तो हिशेब होता. त्यात मान्य झालेल्या विभक्त मतदारसंघांचे पुढे काय झाले हे आपण जाणतो, आणि त्या कराराची चिकित्सा करणाऱ्यांची बाजू मला अनेकदा पटलेली आहे. पण येथे सांगावयाचे ते एवढेच की, परंपरानिष्ठ म्हणविणारा एक पुढारी मतांच्या वाटणीविषयी लखनौत उघड सभेत बोलत होता, स्वपक्षीयांचा राग पत्करून आपला निर्णय समजावून देत होता, आणि त्या वेळी त्याच शहरातील तालुकदार लाटसाहेबाच्या भेटीची वेळ ठरवीत होते.

दुसरा मराठी माणूस तर थेट तालुकदारांच्या दारातच येऊन उभा राहिला. बाबा रामचंद्र या नावाने अवधच्या शेतकऱ्यांनी ज्यांना ओळखले ते मूळचे श्रीधर बळवंत जोधपूरकर, महाराष्ट्रीय ब्राह्मण. ब्राह्मणपण लपविण्यासाठी नाव पालटून ते गिरमिटिया मजूर म्हणून फिजी बेटांत गेले, आणि परतल्यावर फैजाबादकडे तुलसीरामायण सांगत हिंडू लागले. अवधच्या १८८६ च्या कायद्याप्रमाणे कुळाला सात वर्षांचीच शाश्वती असे. मुदत संपली की बेदखली, आणि बेदखली टाळायची तर नजराणा. याखेरीज बेगार होतीच. १९२० च्या जूनमध्ये बाबा रामचंद्र शेकडो कुळांना घेऊन पायी अलाहाबादेस गेले, आणि तरुण जवाहरलाल नेहरूंना खेडे म्हणजे काय हे त्या लोकांनी प्रथम दाखविले. मला या माणसाच्या पद्धतीचे महत्त्व फार वाटते. त्याने क्रांतीची परकी परिभाषा आणली नाही. त्याने रामकथा सांगितली, आणि राजाने प्रजेशी कसे वागावे याचे जे माप तालुकदार स्वतः पूज्य मानीत होते तेच माप त्यांच्यापुढे धरले. परंपरेच्याच शब्दांत परंपरेच्या रक्षकांना जाब विचारला गेला, आणि त्यांच्यापाशी उत्तर नव्हते; त्यांनी पोलीस बोलाविले. १९२१ साली कायदा दुरुस्त होऊन कुळांना हयातीपर्यंतची शाश्वती मिळाली, पण बाबा रामचंद्र तोवर तुरुंगात होते.

निवडणुका मात्र येतच होत्या. १९२८ साली मिर्झापुरी दगडाची भव्य कौन्सिल-इमारत, आजचे विधानभवन, उघडली. १९३४ च्या सुमारास गव्हर्नर सर माल्कम हेली यांनी आग्रह धरला की नव्या राज्यघटनेत मतदार वाढणार आहेत, तेव्हा जमीनदारांनी पक्ष काढून खेड्यांत काम करावे. आणि त्या आग्रहातून अवध व आग्रा अशा दोन विभागांचे दोन नॅशनल ॲग्रिकल्चरिस्ट पक्ष निघाले. पक्ष काढा हेही सरकारनेच सांगावे लागले, यात त्या पक्षाचे भवितव्य स्पष्ट होते. राजे एकमेकांविरुद्ध उभे राहिले, जुनी वैरे मतदारयादीत उतरली, कारकून आणि कारिंदे यांच्यावर प्रचार सोपविला गेला. आणि १९३७ साली काँग्रेसने २२८ जागांच्या विधानसभेत स्पष्ट बहुमत मिळविले. जमीनदारांसाठी ज्या सहा जागा खास राखल्या होत्या त्या तेवढ्या हक्काच्या राहिल्या. सनदेने मिळते ते इतकेच! १९५२ च्या १ जुलैला जमीनदारी नष्ट करण्याचा कायदा अमलात आला तेव्हा कॅनिंगच्या कागदांचे मोल उरले नाही.

येथे लखनौच्या परंपरानिष्ठ राजकारणाचा एक अध्याय संपतो. दुसरा अध्याय, माझ्या मते अधिक अभ्यसनीय, तो एका छापखान्यात सुरू झाला, आणि त्यातील पात्रांचा दरबाराशी काडीचा संबंध नव्हता. नागपूरचे भाऊराव देवरस १९३७ साली शिकण्यासाठी लखनौस आले आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे काम त्यांनी तेथे रुजविले. हिंगोलीकडच्या कडोळी गावी १९१६ साली जन्मलेले, दारिद्र्यात वाढलेले नानाजी देशमुख गोरखपुरास प्रचारक होते. त्यांना लखनौस बोलावून घेऊन १९४७ साली ‘राष्ट्रधर्म’ मासिकाची व्यवस्था त्यांच्याकडे देण्यात आली. दीनदयाळ उपाध्याय मार्गदर्शक. संपादनाला राजीवलोचन अग्निहोत्री आणि ग्वाल्हेरचा एक विशीतला तरुण, अटलबिहारी वाजपेयी. १९४८ च्या संक्रांतीस ‘पांचजन्य’ साप्ताहिक निघाले. तीनच आठवड्यांत गांधीजींच्या हत्येनंतर संघावर बंदी आली, आणि छापखान्याला टाळे लागले.

त्या छापखान्याचे काम कसे चाले हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शिशाचे खिळे घरांतून एकेक उचलून उलट्या क्रमाने जुळवायचे, ओळ भरली की पट्टीत कसायची, पान बांधायचे, शाई फिरवायची, कच्चा छाप काढून चुका शोधायच्या, आणि चूक सापडली की चिमट्याने खिळा उपसून दुसरा बसवायचा. उपाध्याय स्वतः खिळे जुळवीत, यंत्र चालवीत आणि गठ्ठे बांधून रवाना करीत, हे त्यांच्या सहकाऱ्यांनी नमूद केले आहे. ज्याला आपले वाक्य एकेक अक्षर हाताने वेचून उभे करावे लागते, तो शब्द उधळीत नाही. आणि वाजपेयींच्या भाषणांतील ते प्रसिद्ध थांबणे, वाक्याच्या मध्यावर येणारी ती दीर्घ शांतता, मी जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा तेव्हा मला त्या खिळ्यांच्या पेट्या आठवतात. ग्वाल्हेरच्या शिंदेशाहीत वाढल्यामुळे त्यांना मराठी अवगत होती, आणि नानाजींसारख्या मराठी कार्यकर्त्यांशी त्यांचे सूत जुळण्याला हेही एक कारण असावे.

छापून झाले की बोलणे आले, आणि बोलून झाले की पराभव. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लखनौतून विजयालक्ष्मी पंडित निवडून आल्या. वॉशिंग्टनचे राजदूतपद नुकतेच भूषवून त्या परतल्या होत्या. पुढे त्यांनी जागा सोडल्यावर जी पोटनिवडणूक झाली तिच्यात वाजपेयी जनसंघ या नव्या पक्षातर्फे प्रथम उभे राहिले आणि पडले. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची मतपेटी निराळी असे. आडोशाला ओळीने लोखंडी पेट्या ठेवलेल्या, प्रत्येकीवर चिन्हाचे चित्र डकविलेले, कोठे बैलजोडी, कोठे दीपक. मतदाराने कागद हातात घेऊन आत जायचे आणि मनातल्या पेटीत तो टाकायचा. १९५७ साली वाजपेयी लखनौ, मथुरा आणि बलरामपूर अशा तीन ठिकाणी उभे राहिले. मथुरेत अनामत रक्कमही गेली. लखनौत पुलिनबिहारी बॅनर्जींनी त्यांना सुमारे बारा हजार मतांनी हरविले. बलरामपूरने मात्र निवडून दिले. आणि बलरामपूर म्हणजे कोणते? ज्यांचा पुतळा बारादरीत आहे त्या महाराजा दिग्विजयसिंहांचे! तालुकदारीच्या सर्वांत मोठ्या गढीजवळ, खेड्याखेड्यांतून धुळीच्या वाटा तुडवीत, नव्या परंपरानिष्ठांच्या या वक्त्याने आपला पहिला विजय मिळविला.

या पुढची घटना मला फार अर्थपूर्ण वाटते. १९६० साली वाजपेयी अमेरिकेस गेले, आणि तो अध्यक्षीय निवडणुकीचा हंगाम होता. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोच्या एका स्टुडिओत रिचर्ड निक्सन आणि जॉन केनेडी यांचा वादविवाद दूरचित्रवाणीवरून दाखविण्यात आला. असे चार वाद झाले, आणि पहिला सुमारे सात कोटी लोकांनी पाहिला. निक्सन गुडघ्याच्या दुखण्याने इस्पितळात राहून उठले होते, चेहरा उतरलेला, अंगात करडा सूट, आणि मागची भिंतही करडीच. निवडणूक ते जेमतेम लाख-सव्वालाख मतांनी हरले, आणि अमेरिकेतील परंपरानिष्ठ पक्षाच्या मनात तेव्हापासून एक सल राहिला की युक्तिवादात आपला माणूस उणा नव्हता, काचेच्या पडद्याने त्याचा घात केला. त्यात सर्वस्वी तथ्य आहे असे मी म्हणणार नाही. परंतु लिंकन आणि डग्लस यांना ज्यांनी तीन तास ऐकले त्यांच्या नातवंडांना एका तासात चेहरा पाहून निर्णय करावयाची सवय लागली, ही हानी खरी आहे, आणि ती कोणत्या पक्षाची झाली हा प्रश्न गौण आहे. त्यानंतर सोळा वर्षे, १९७६ पर्यंत, अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा असा वाद अमेरिकेत पुन्हा झालाच नाही. आणि अमेरिकेच्या परंपरानिष्ठांनी पुढे त्या पडद्याशी तह केला तो रोनाल्ड रेगन यांच्या रूपाने, ज्यांचा मूळ धंदाच अभिनयाचा होता.

मायदेशी परतल्यावर १९६२ साली वाजपेयी लखनौत पुन्हा पडले, या वेळी बी. के. धवन यांच्याकडून, आणि बलरामपूरही सुभद्रा जोशी यांनी दोन हजारांच्या फरकाने हिरावून घेतले. पुढच्या वर्षी जौनपूरच्या पोटनिवडणुकीत दीनदयाळ उपाध्यायांचा पराभव झाला. जातीच्या नावाने मते मागा असा सहकाऱ्यांचा आग्रह त्यांनी मानला नाही, असे सांगतात. पण प्रांताच्या विधानसभेत जनसंघाच्या जागा पाहिल्या तर १९५२ साली दोन, १९५७ साली सतरा, १९६२ साली एकोणपन्नास आणि १९६७ साली अठ्ठ्याण्णव अशा त्या चढत गेल्या. प्रत्येक पराभवानंतर कोणत्या गावात सभा झाली नाही, कोणत्या वस्तीत कार्यकर्ता नाही, याची यादी करणारे जे डोके होते ते नानाजींचे. १९६७ साली खुद्द लखनौने एका उद्योगपतीला नाकारून आनंदनारायण मुल्ला या अपक्ष उमेदवाराला लोकसभेत पाठविले; ते उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, आणि उर्दूचे नामांकित कवी. अनीस-दबीरांच्या शहराचा कान अजून शाबूत असल्याची ती खूण होती.

१९७७ साली नानाजी देशमुख स्वतः बलरामपुरातून उभे राहिले आणि त्यांनी त्या राजघराण्याच्या महाराणींचा पराभव केला. ज्याच्या बालपणी पुस्तकाला पैसे नव्हते असा मराठवाड्यातला एक मुलगा, अवधच्या सर्वांत मोठ्या तालुक्याच्या गादीसमोर मत मागावयास उभा राहतो, आणि रयत त्याच्या बाजूने कौल देते! एकशे अठरा वर्षांपूर्वीचा लखनौचा दरबार डोळ्यांपुढे आणून हे वाक्य वाचावे. आणि नानाजींनी मिळालेल्या सत्तेचे काय केले? मंत्रिपद घेतले नाही. साठी उलटलेल्यांनी सत्तेतून बाजूस व्हावे असे म्हणून ते स्वतः बाजूस झाले, आणि त्याच गोंडा-बलरामपूरच्या खेड्यांत विहिरी आणि कूपनलिका खणण्याच्या कामाला लागले.

दूरचित्रवाणीचे केंद्र लखनौत १९७५ साली आले, त्या वेळी वाजपेयी आणीबाणीच्या बंदिवासात होते. १९७७ च्या निवडणुकीत प्रथमच पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवर बोलण्याची वेळ नेमून देण्यात आली. परंतु ते एकेकट्याचे निवेदन, समोर उत्तर देणारा कोणी नाही. खरा दूरचित्रवाणीवरचा वाद देशाने पाहिला तो १९९६ च्या मे महिन्यात. लखनौचे खासदार वाजपेयी तेरा दिवसांचे पंतप्रधान होते, विश्वासदर्शक ठरावावरील चर्चा दूरदर्शनने थेट दाखविली, आणि संख्या आपल्याकडे नाही हे ठाऊक असलेला तो वक्ता शेवटपर्यंत बोलला, विरोधकांचे आक्षेप एकेक घेऊन बोलला, आणि मग राजीनामा देण्यास राष्ट्रपतींकडे निघून गेला. निक्सनने पडद्यावर जे गमावले ते वाजपेयींनी पडद्यावर कमावले, आणि तेही हरता हरता. लिंकनही १८५८ ची ती निवडणूक हरलाच होता. ते सात वादविवाद पुस्तकरूपाने छापले गेले आणि दोन वर्षांनी तो अध्यक्षपदी निवडून आला. वाजपेयींना पुन्हा पंतप्रधान व्हावयासही दोनच वर्षे लागली.

मात्र वक्तृत्वाची स्तुती करताना त्याची दुसरी बाजू लपविली तर हा लेख प्रामाणिक राहणार नाही. ५ डिसेंबर १९९२ रोजी, बाबरी मशीद पाडली जाण्याच्या आदल्या दिवशी, वाजपेयींनी लखनौच्या अमीनाबादेत जे भाषण केले त्यावरचा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि ज्याच्या शब्दाला इतके वजन होते त्याच्या त्या सायंकाळच्या शब्दांचाही हिशेब इतिहासाने मागितला तर तो रास्तच आहे. शब्दाने संमती मिळविणाऱ्यावर शब्दाची जबाबदारी सनदवाल्यापेक्षा जड असते.

मला या सर्व कथेतून जे वाटते ते असे की, जुन्याचा अभिमान बाळगणाऱ्याला नव्याचा पुरस्कार करणाऱ्यापेक्षा अधिक बोलावे लागते, अधिक ऐकावे लागते, आणि हार पत्करून पुन्हा त्याच मतदाराच्या दारी जावे लागते. कारण नवे स्वतःच्या आशेवर चालते, जुन्याला मात्र कारणे द्यावी लागतात. अवधच्या तालुकदारांनी ती दिली नाहीत. आज निवडणुकीच्या काळात प्रत्येक वाहिनीवर रात्रभर वाद चालतो, पण त्यात बोलतात ते प्रवक्ते. देशाच्या सर्वोच्च पदाचे दोन दावेदार एका व्यासपीठावर तास-दोन तास समोरासमोर उभे राहिले असे भारतात अद्याप झालेले नाही. २०२४ साली न्यायमूर्ती मदन लोकूर, न्यायमूर्ती अजित शहा आणि ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांनी तसे निमंत्रण दोन्ही बाजूंना धाडले होते, आणि विरोधी पक्षाच्या नेत्याने ते स्वीकारलेही होते. तरी तो योग आला नाही. तो यावा, आणि त्यासाठी परंपरेचे नाव घेणाऱ्या पक्षाने पहिले पाऊल टाकावे, असे मला मनापासून वाटते. कारण त्याच्याच सर्वश्रेष्ठ वक्त्याला लखनौ शहर नुसत्या नावावर कधी मिळाले नव्हते.

लखनौने त्याला १९५७ साली नाकारले, १९६२ साली नाकारले, आणि १९९१ साली स्वीकारले. त्यानंतर १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ असे लागोपाठ चार वेळा त्यालाच निवडून दिले. तेथील सार्वत्रिक निवडणुकांतली त्याची पहिली हार आणि पहिला विजय यांच्यामध्ये चौतीस वर्षे गेली होती.